तीन काळ्या पुड्या आणि क्ष-किरणांचा कौल

समजा, टेबलावर तीन पुड्या ठेवल्या आहेत. पहिलीत बैतूल जिल्ह्यातल्या टिकारी परिसरातलं ग्राफाइट आहे. दुसरीत पेंच खोऱ्यातला, परासियाकडचा दगडी कोळसा, बारीक कुटलेला. तिसरीत पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या साली, हवा न लागू देता बंद भट्टीत भाजून केलेला कोळसा. तिन्ही पुड्या काळ्या आणि तिन्ही बोटाला लागणाऱ्या. रसायनशाळेत दिल्या तर तिन्हींचं उत्तर मुख्यतः एकच येतं : कार्बन.

तरीही पहिली भुकटी विजेची चांगली वाहक आहे आणि पेन्सिलीत चालते. दुसरी चुलीत जळते. तिसरीवर थोडी आणखी प्रक्रिया केली तर ती पाण्यातला रंग आणि वास शोषून घेते. मूलद्रव्य एक आणि स्वभाव तीन, हे कसं काय? उत्तर अणूंच्या मांडणीत आहे. ती मांडणी साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. ती कळायला क्ष-किरण लागतात, आणि क्ष-किरणांनी काढून दिलेला वेडावाकडा आलेख वाचता यावा लागतो.

आलेख काढणं आता सोपं झालंय. यंत्रात नमुना ठेवा, बटण दाबा, अर्ध्या तासात कागद हातात. अडचण वाचण्यात आहे. थरांच्या कार्बनचे आलेख तर इतके फसवे असतात की भलेभले त्यात चकतात.

पेटी कशी भरली आहे?

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात संत्र्याची पेटी भरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ग्राफाइटची रचना निम्मी समजलीच म्हणायची. आधी तळाशी एक थर लावतात, फळाला फळ टेकवून. दुसऱ्या थरातलं फळ खालच्या फळाच्या डोक्यावर न बसता खळग्यात बसतं. माल लांब जायचा असेल तर थरांमध्ये तणस घालतात.

ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत बसलेले असतात. प्रत्येक अणू शेजारच्या तिघांना घट्ट धरून असतो. दोन शेजाऱ्यांमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) अशी एक जाळी म्हणजे एक थर. त्यावर दुसरा थर ०.३३५ नॅनोमीटर उंचीवर बसतो, आणि तोही किंचित सरकून : त्याचे निम्मे अणू खालच्या अणूंच्या डोक्यावर येतात, निम्मे खालच्या षट्कोनाच्या मधोमध. थराच्या आतली पकड मजबूत आणि दोन थरांमधली ढिली असते. म्हणून पेन्सिल घासली की थर निसटून कागदावर उतरतात.

पहिल्या पुडीत अशा नीट भरलेल्या पेट्या आहेत, एकावर एक शेकडो थर. परासियाच्या कोळशात चार-सहा थरांच्या लहान लहान थप्प्या वाटेल तशा पडलेल्या आहेत आणि मधल्या जागेत इतर अणूंची लटांबरं आहेत. सालीच्या कोळशातले थर तर मुरडलेले आणि एकमेकांत अडकलेले. क्ष-किरणांना हाच फरक दिसतो.

किरण आणि कोन

विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते १८९५ मध्ये. हे किरण म्हणजे लहरी आहेत की कण, यावर पुढे वाद चालला. १९१२ मध्ये माक्स फॉन लावे यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटली. लहरी असल्याशिवाय अशी नक्षी उमटत नाही. तिचा सोपा हिशेब विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी बसवला. त्याबद्दल १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं तेव्हा लॉरेन्स पंचवीस वर्षांचा होता.

हिशेब असा. किरण थरांच्या थप्पीवर तिरपा पडतो. थोडा वरच्या थरावरून परततो, थोडा दुसऱ्या थरावरून, थोडा तिसऱ्यावरून. दुसऱ्या थराकडे गेलेल्या किरणाला खाली उतरून पुन्हा वर यावं लागतं, म्हणजे त्याची वाट थोडी जास्त होते. ही जास्तीची वाट नेमकी एका (किंवा पूर्ण दोन, तीन) तरंगलांबीएवढी भरली तर परतलेल्या सगळ्या लहरींचे माथे जुळतात आणि एकमेकांना बळ देतात. तशी भरली नाही तर लहरी एकमेकींना मारतात आणि हाती काही येत नाही.

जास्तीची वाट किती, हे दोन गोष्टींवर ठरतं : थरांमधलं अंतर आणि किरणाचा कोन. बहुतेक प्रयोगशाळांत तांब्याच्या नळीतून निघणारे क्ष-किरण वापरतात. त्यांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या जवळपासची. यंत्र हळूहळू कोन बदलत जातं आणि प्रत्येक कोनाला किती किरण परतले ते टिपतं. आडव्या अक्षावर किरणाने थरांशी केलेल्या कोनाची दुप्पट, उभ्या अक्षावर किरणांची संख्या. जिथे लहरी जुळल्या तिथे आलेखात शिखर उभं राहतं. ग्राफाइटचं मुख्य शिखर २६.५ अंशांच्या आसपास येतं. त्यावरून उलटा हिशेब केला की ०.३३५ नॅनोमीटर हे थरांमधलं अंतर मिळतं.

थरांमध्ये अंतर जास्त असेल तर शिखर डावीकडे, कमी अंशांकडे सरकतं. थर जवळ आले तर उजवीकडे. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा आलेख वाचता येतो.

शिखर टोकदार की बसकं?

उरलेला अर्धा शिखराच्या जाडीत आहे, आणि इथली गंमत फारशी सांगितली जात नाही.

थप्पीत शंभर थर आहेत असं धरू. कोन योग्य कोनापेक्षा अगदी किंचित चुकला. दुसऱ्या थराची लहर पहिल्यापेक्षा शंभरांश तरंगलांबीने मागे पडली. एवढ्याने काय बिघडतं? पण तिसऱ्याची दोन शंभरांश, चौथ्याची तीन, असं करत एक्कावन्नाव्या थराची लहर बरोबर अर्ध्या तरंगलांबीने मागे पडते. म्हणजे ती पहिल्या थराच्या लहरीला पूर्ण मारते. बावन्नावा दुसऱ्याला मारतो, त्रेपन्नावा तिसऱ्याला. सगळा हिशेब शून्य. म्हणून जाड थप्पीचं शिखर सुईसारखं असतं : कोन जरा चुकला की संपलं. थर पाचच असतील तर मारायला एक्कावन्नावा कुणी नाहीच. कोन बराच चुकला तरी लहरी कशाबशा जुळून राहतात आणि शिखर बसकं, पसरट होतं.

पाउल शेरर यांनी १९१८ मध्ये याचं सूत्र दिलं. शिखराच्या निम्म्या उंचीवर त्याची रुंदी मोजायची; रुंदी जितकी जास्त तितकी थप्पी पातळ. २५ अंशांजवळच्या शिखराची रुंदी ४ अंश भरली, तर थप्पीची जाडी साधारण २ नॅनोमीटर, म्हणजे सहा-सात थर. रुंदी ०.४ अंश असेल तर जाडी दहापट. अर्थात यंत्राची स्वतःचीही थोडी रुंदी त्यात मिसळलेली असते आणि थर मुरडलेले असले तरी शिखर पसरतं. त्यामुळे या सूत्राने आलेला आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. शोधनिबंधांत दशांश चिन्हापुढे दोन-दोन आकडे देऊन 'थरांची संख्या ६.४७' असं छापलेलं असतं, ते वाचून हसू येतं.

तिसरी खूण शिखराच्या आकारात असते. पेटीतला प्रत्येक थर नीट रचलेला आहे, पण वरचा थर खालच्या खळग्यांची पर्वा न करता वाटेल तसा फिरवून ठेवला आहे, अशी कल्पना करा. अशा कार्बनमध्ये थरांमधलं अंतर थोडं वाढून ०.३४४ नॅनोमीटरच्या घरात जातं. शिवाय नीट रचलेल्या ग्राफाइटमध्ये ४२ आणि ४४ अंशांजवळ जी दोन वेगळी शिखरं दिसतात, ती इथे एकात मिसळतात. त्या मिश्र शिखराची डावी बाजू कड्यासारखी उभी आणि उजवी बाजू उतरणीसारखी लांबत गेलेली असते. असं का होतं, हे बी. ई. वॉरन यांनी १९४१ मध्ये गणिताने दाखवलं.

या सगळ्या खुणा वापरून कार्बनची मोठी उकल केली ती रोझलिंड फ्रँकलिन यांनी. डीएनएच्या छायाचित्रामुळे त्यांचं नाव घरोघर पोचलं, पण त्याआधी इंग्लंडमध्ये आणि पॅरिसमध्ये त्या कोळशावर काम करत होत्या. १९५१ मध्ये त्यांनी दाखवलं की कार्बनच्या दोन जाती आहेत. एक जात ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की थर सरळ होऊन ग्राफाइट बनते. दुसरी कितीही तापवा, हट्टाने तशीच मुरडलेली राहते. सेल्युलोजपासून झालेला कोळसा सहसा दुसऱ्या जातीत मोडतो. तेव्हा संत्र्याच्या सालीपासून नुसत्या भट्टीच्या जोरावर शुद्ध ग्राफाइट निघेल, अशी आशा फार धरू नये. मात्र हीच हट्टी जात आज सोडियम बॅटरीच्या ऋण टोकासाठी उपयोगी ठरते आहे.

तणस घातल्यावर

ग्राफाइटला तीव्र आम्ल आणि ऑक्सिडीकारक यांच्यात बुडवलं की थरांवर ऑक्सिजनचे गट चिकटतात. ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यांनी हे १८५९ मध्येच केलं होतं. आज सर्रास वापरली जाते ती हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ ची पद्धत. तयार होणाऱ्या तपकिरी-पिवळ्या पदार्थाला ग्राफाइट ऑक्साइड म्हणतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर थरांमध्ये आता तणस भरलं आहे. हे तणस म्हणजे ऑक्सिजनचे गट आणि त्यांना धरून बसलेलं पाणी.

आलेखात हे लख्ख दिसतं. २६.५ चं शिखर नाहीसं होतं आणि १० ते १२ अंशांच्या दरम्यान नवं उगवतं. ११ अंशांवर आलं तर थरांमधलं अंतर ०.८ नॅनोमीटर, आधीच्या दुपटीहून जास्त. दोन्ही शिखरं एकाच आलेखात असली तर समजावं की काही ग्राफाइट कच्चंच राहिलं आहे.

हे शिखर हवामानाबरोबर हलतं. पदार्थ पाणी पितो आणि फुगतो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मोजलेला नमुना आणि श्रावणात मोजलेला तोच नमुना यांचे आलेख एकसारखे येत नाहीत. पावसाळ्यात शिखर डावीकडे सरकतं. विदर्भाच्या आणि त्याला लागून असलेल्या या भागाच्या हवेत तर हा फरक ठळकच असणार. दोन नमुन्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही सारखे वाळवून, एकाच दिवशी मोजलेले बरे.

मग हा ऑक्साइड तापवून किंवा रसायनाने त्यातला ऑक्सिजन काढला की थर पुन्हा जवळ येतात. पण पहिल्यासारखे नीट बसत नाहीत. शिखर २३ ते २६ अंशांच्या दरम्यान येतं, बसकं आणि रुंद.

चौकट : सीतापारचं हरवलेलं खनिज

सौंसरचं नाव भूगर्भशास्त्रात जगभर माहीत आहे. मँगनीजच्या खनिजांनी भरलेल्या इथल्या प्राचीन खडकांच्या समूहाला 'सौंसर' हेच नाव आहे, आणि ते एल. एल. फर्मर यांनी दिलं. भारतातल्या मँगनीजवर त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये आला. छिंदवाड्याच्या या पट्ट्यातल्या सीतापार इथे त्यांना एक खनिज मिळालं. ते नवं वाटल्याने त्यांनी त्याला सीतापाराइट म्हटलं. अमेरिकेतल्या यूटामध्ये बिक्सबाइट नावाचं मँगनीज-लोखंडाचं एक खनिज आधीच नोंदलेलं होतं, पण दोन्हींची रासायनिक सूत्रं वेगळी मानली जात होती. १९३० मध्ये लायनस पॉलिंग आणि शॅपेल यांनी क्ष-किरणांनी बिक्सबाइटची रचना उलगडली. १९४२ मध्ये ब्रायन मेसन यांनी बिक्सबाइट आणि सीतापाराइट एकच असल्याचं प्रसिद्ध केलं. लोखंड कमी-जास्त, पण अणूंची मांडणी तीच. सीतापारचं नाव खनिजांच्या यादीतून गेलं; बिक्सबाइट आधीचं, म्हणून ते राहिलं.

२६.६ चा चकवा

बैतूलचं ग्राफाइट सुभाजा खडकात, म्हणजे पापुद्र्यांच्या खडकात मिळतं, आणि त्या खडकात गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ असतं. निसर्गाने इथे एक खोडी करून ठेवली आहे. क्वार्ट्‌झचं सगळ्यांत उंच शिखर २६.६ अंशांवर येतं. ग्राफाइटचं २६.५ वर. साध्या यंत्राच्या आलेखात ही दोन शिखरं एकमेकांच्या अंगावर बसतात. ग्राफाइट म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं ते कधी कधी निव्वळ वाळू असते.

यातून सुटायची वाट सोपी आहे. क्वार्ट्‌झचं दुसरं शिखर २०.९ अंशांवर असतं आणि ग्राफाइटला तिथे काहीच नसतं. ते दिसलं की सावध व्हावं. ग्राफाइट खरोखर असेल तर ५४.६ अंशांजवळ त्याच थरांचं दुसऱ्या पायरीचं, म्हणजे जास्तीची वाट दोन तरंगलांबींएवढी भरल्यावरचं, लहान शिखर मिळायला हवं. भुकटी चपट्या पापुद्र्यांची असेल तर आणखी एक गोष्ट घडते : नमुना पट्टीच्या खळग्यात दाबून सपाट करताना पापुद्रे आडवे झोपतात. त्यामुळे थरांची शिखरं फुगतात आणि बाकीची दबतात. शिखराच्या उंचीवरून प्रमाण काढणाऱ्याने हे विसरू नये.

परासियाच्या कोळशात हाच चकवा दुप्पट होतो. कोळशाचं स्वतःचं रूप म्हणजे २५ अंशांभोवतीचं रुंद कुबड. त्यावर क्वार्ट्‌झची सुई २६.६ वर उभी असते. नवख्याला वाटतं, कोळशात ग्राफाइट सापडलं! शिवाय कोळशात केओलिनाइट नावाची पांढरी माती असते. तिचं शिखर १२.४ अंशांवर, म्हणजे ग्राफाइट ऑक्साइडच्या अगदी शेजारी. कोळशापासून ग्राफाइट ऑक्साइड केल्याचा दावा वाचताना म्हणूनच २४.९ अंशांकडे नजर टाकावी. केओलिनाइटची जोडीदार सुई तिथे असते. खात्री करायची तर नमुना हवेत ६०० अंशांवर भाजावा. केओलिनाइटची रचना मोडते, ऑक्साइड तर त्याच्या कितीतरी आधीच संपतो. दोन्ही शिखरं जातात. म्हणून आधी २५० अंशांवर थांबून पाहावं. तेव्हाही १२.४ ची सुई जागची हलली नाही, तर ती मातीच.

आणि तिसरा चकवा सगळ्यांत साधा. नमुना थोडा असला की काचेच्या पट्टीवर लेप देऊन मोजतात. काचेलाही क्ष-किरणांत २० ते ३० अंशांच्या दरम्यान रुंद कुबड असतं. लेप पातळ असला की किरण आरपार जाऊन काच मोजून येतात. मग काचेचं ते कुबड 'अतिपातळ कार्बन' म्हणून मिरवतं.

एकच थर उरला तर

२००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत सोलत एकच थर वेगळा केला. तो ग्राफीन. २०१० चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

आता थप्पीचा हिशेब पुन्हा आठवा. शिखर उभं राहतं ते एका थराची लहर दुसऱ्या थराच्या लहरीशी जुळते म्हणून. थर एकच असेल तर जुळायला दुसरा कुणी नाही. म्हणजे खऱ्या एकेरी ग्राफीनच्या आलेखात २६.५ चं शिखर असूच शकत नाही. तिथे टोकदार शिखर दाखवून 'हे बघा ग्राफीन' म्हणणारा स्वतःच्याच दाव्याविरुद्ध पुरावा देत असतो. तरी हा प्रकार छापील निबंधांतही आढळतो. उलट बाजूनेही जपून राहावं लागतं. शिखर नाही म्हणून ग्राफीन आहे, असंही होत नाही; काजळीतही ते शिखर टोकदार नसतं.

मग एक थर की दोन, हे ठरवायचं कशाने? तिथे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम कामी येतो. ग्राफीनवर लेसरचा प्रकाश टाकला की परतलेल्या प्रकाशातल्या एका विशिष्ट शिखराचा आकार एका थराला वेगळा आणि दोन थरांना वेगळा येतो. थराची उंची थेट मोजणारा सूक्ष्मदर्शकही वापरतात.

हे नुसतं पुस्तकी भांडण नाही. बाजारात ग्राफीन म्हणून विकली जाणारी भुकटी ग्राफाइटपेक्षा कितीतरी महाग असते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या अंतोनियो कास्त्रो नेतो यांच्या गटाने जगभरातल्या ६० उत्पादकांचा माल तपासला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये छापले. दहापर्यंत थरांना ग्राफीन मानलं तरी बहुतेकांच्या मालात ते दहा टक्क्यांहून कमी निघालं. बाकी बारीक दळलेलं ग्राफाइट.

पांढुर्णा, सौंसर किंवा छिंदवाड्याच्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी साली जाळून किंवा कोळसा धुऊन नमुना तयार करील आणि मोजायला नागपूरला पाठवील, तेव्हा त्याने तीन गोष्टी आग्रहाने मागून घ्याव्यात. मोजणी ५ अंशांपासून ८० अंशांपर्यंत पूर्ण हवी, कारण बरेच जण २० पासून सुरुवात करतात आणि ऑक्साइड व माती दोन्ही निसटतात. रिकाम्या पट्टीचा आलेख सोबत हवा. आणि कागदावरचं चित्र न घेता आकड्यांची मूळ फाइल घ्यावी. रुंदी मोजायची तर ती लागतेच, आणि उद्या कुणी शंका घेतली तर तीच पुढे ठेवावी लागते.